तांब्या-पितळेचे दागिने घासूनही पुन्हा पुन्हा काळे का पडतात?

ही तक्रार ठरलेल्या शब्दांतच ऐकू येते. लिंबू-मीठ लावून कडं घासलं, छान लखलखलं, आणि आठवड्याभरात आधी होतं त्याहून मळकट दिसायला लागलं. मग पुन्हा घासणं, या वेळी जरा जास्त जोर लावून. असं काही महिने चाललं की नक्षी बोथट होते, कडा झिजतात आणि काळेपणा तसाच राहतो.

तांबं हवेत काळवंडणारच, त्यावर कुणाचा इलाज नाही. पण काही दिवसांतच काळवंडत असेल तर हवेला दोष देण्याआधी मागची सफाई तपासा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दोष तिथेच निघतो: आंबट पूर्ण धुतलं गेलेलं नसतं, मीठ सांध्यात अडकलेलं असतं, दागिना ओलसरच डबीत गेलेला असतो, आणि घासून उघड्या पडलेल्या धातूवर संरक्षणाचा कुठलाच थर दिलेला नसतो.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. नुकत्याच घासलेल्या तांब्यावर आधी लालसर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो, मग तो तपकिरी आणि हळूहळू काळसर होतो. हवेत गंधकाची संयुगं असतील तर काळेपणा लवकर येतो. हा थर धातूला घट्ट धरून असतो आणि खालच्या धातूचं थोडंफार रक्षणही करतो. मीठ मात्र त्याला टिकू देत नाही. मिठातला क्लोराइड थर भेदून खाली शिरतो, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि धातू कुरतडत राहतो. घाम म्हणजेही खारट, किंचित आम्लधर्मी पाणीच. म्हणजे घामाचं मीठ घालवायला आपण दागिन्यावर आणखी मीठ चोळतो.

आधी धातू ओळखा

दागिना खरंच तांब्या-पितळेचा आहे का, हे बघितल्याशिवाय काहीही लावू नका. चुंबक जवळ न्या. तांबं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. मुलामा असेल तर घासणं हा उपायच नाही. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की पावडर लावून दोन-चार वेळा घासलं की कडांवरून निघून जातो आणि खालचं पितळ डोकावतं. "सोनेरी दागिना ठिकठिकाणी लालसर-तपकिरी झालाय" असं कुणी सांगितलं की बहुधा हेच झालेलं असतं. तो काळा पडलेला नसतो, उघडा पडलेला असतो. त्यावर पुन्हा मुलामा चढवणं एवढाच रस्ता उरतो.

दुसरी गोष्ट, काळेपणा मुद्दाम दिलेला नाही ना? नक्षीच्या खोलगट भागात काळं आणि उठावावर चमक, असं दिसत असेल तर कारागिरानं गंधकाच्या द्रावणात बुडवून तो रंग आणलेला असतो. लिंबाच्या पाण्यात टाकलात तर काही मिनिटांत नक्षी सपाट आणि निर्जीव दिसायला लागेल. असा दागिना फक्त मऊ कोरड्या फडक्यानं वरवर पुसायचा.

रंग कुठे आणि कसा आहे ते बघा

सगळीकडे सारखा तपकिरी-काळा रंग असेल तर ते साधं ऑक्सिडीकरण. चिंता नको, सफाईच्या नेहमीच्या पद्धतीनं निघेल.

बोटांच्या ठशांच्या आकाराचे तपकिरी डाग म्हणजे सफाईनंतर उघड्या बोटांनी हाताळल्याची खूण. नुकतंच घासलेलं पितळ फार हळवं असतं. बोटावरचा घाम आणि तेल लागलं की पहिल्या दिवशी काही दिसत नाही, नंतर ठशाच्या रेषान् रेषा उमटलेल्या दिसतात. हे डाग फडक्यानं जात नाहीत, पुन्हा आम्ल किंवा पॉलिश लागतं.

एकच सरळ काळी पट्टी दिसली तर दागिना कशात बांधून ठेवला होता ते आठवा. रबरबँड असण्याची शक्यता दाट. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात आणि ते तांब्याला लगेच लागतं.

सांध्यांत, साखळीच्या कड्यांमध्ये किंवा खड्याच्या बैठकीखाली हिरवं, मेणासारखं चिकट काहीतरी साचलेलं असेल तर ते तांबं आणि त्वचेचं तेल किंवा क्रीम यांच्यापासून बनलेलं असतं. लाकडी टूथपिकनं खरवडा, मग साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश फिरवा. सुई वापरू नका. तांबं मऊ असतं, ओरखडे राहतात.

फिकट हिरवी, भुरभुरीत पूड, खाली बारीक खड्डे, आणि पुसल्यावर काही दिवसांत त्याच जागी पुन्हा पूड: हे मात्र गंभीर. क्लोराइड धातूच्या आत शिरलेला असतो आणि ओलावा मिळाला की चक्र पुन्हा सुरू होतं. जुन्या, जमिनीत किंवा दमट जागी वर्षानुवर्षं राहिलेल्या वस्तूंमध्ये हे दिसतं. वस्तू मोलाची असेल तर घरी प्रयोग न करता कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत बंद करा आणि संग्रहालयाच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

पितळेवर गुलाबी किंवा तांबूस चट्टे आले असतील तर त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच.

सफाई: क्रम चुकवू नका

पहिली पायरी साबण आणि कोमट पाणी. ही बहुतेक जण गाळतात. काळं वाटतं त्यातलं बरंचसं क्रीम, त्वचेचं तेल आणि धूळ यांचं मिश्रण असतं आणि ते साबणानंच निघतं. तेलाचा थर तसाच ठेवून आंबट लावलं तर ते सगळीकडे सारखं लागत नाही, आणि चट्टे पडतात ते इथेच.

त्यानंतरही काळं राहिलं तर आम्ल. लिंबू, चिंच, व्हिनेगर सगळे एकच काम करतात, ऑक्साइड विरघळवतात. मला सायट्रिक आम्लाची पूड बरी वाटते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर टाकली की काम होतं, गर नाही, चिकटपणा नाही, आणि धुवायला सोपं. मीठ घातल्यानं काम लवकर होतं हे खरं. पण नक्षीदार किंवा साखळीच्या दागिन्याला मी मीठ लावत नाही, कारण ते कुठे अडकून बसेल ते दिसत नाही. सपाट, गुळगुळीत कड्याला लावायचं तर लावा, फक्त नंतर भरपूर पाण्यानं धुवा. काम मिनिटांचं आहे. रात्रभर भिजवून ठेवू नका.

दागिना बाहेर काढायला प्लॅस्टिकचा किंवा लाकडी चिमटा घ्या. लोखंडी चिमटा त्या द्रावणात बुडाला की विरघळलेलं तांबं पुन्हा धातूवर येऊन बसतं आणि पितळ तांबूस होतं.

आता ज्या पायरीसाठी हा सगळा खटाटोप लिहिला ती: वाटीभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि दागिना त्यात बुडवून ब्रश फिरवा. सांध्यांतून बुडबुडे येत असतील तर तिथे आम्ल शिल्लक आहे. ते थांबले की वाहत्या पाण्याखाली धुवा. मग सुती फडक्यानं टिपा आणि हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, विशेषतः साखळीला. साखळी वरून कोरडी वाटते आणि दोन कड्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे पाणी तसंच असतं. हिरवं पहिल्यांदा येतं ते त्याच जागी.

काही गोष्टी टाळा. टूथपेस्टमधले कण मऊ तांब्यावर बारीक ओरखडे पाडतात. चमक येते, पण धुरकट. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती चांदीसाठी आहे. तिथे गंधकामुळे आलेला काळा थर पुन्हा चांदीत बदलतो; तांब्याच्या काळेपणासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. मोती, पोवळं, फिरोजा असेल तर आम्लाचा थेंबही लागू देऊ नका. मॅलकाइट तर मुळात तांब्याचंच कार्बोनेट आहे, लिंबानं तो खडाच झिजेल.

आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर पितळेला कधीच लावू नका. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजांची पितळी काडतुसं पावसाळ्यात नुसती साठवून ठेवलेली असतानाच चिरा पडून निकामी व्हायची. ती तबेल्यांत ठेवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया हे त्यामागचं कारण आहे, याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. ठोकून, ओढून किंवा वाकवून बनवलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो, आणि ओलावा व अमोनिया मिळाला की त्या ताणाच्या रेषेवर धातू तडकतो. तुमच्या कानातल्याची तारही ओढून, वाकवूनच बनवलेली आहे.

चमक टिकवायची तर थर हवा: मेण की लॅकर?

घासलेला धातू उघडा ठेवला तर तुमची मेहनत त्याच दिवसापासून उतरायला लागते. दोन पर्याय आहेत, मेण किंवा लॅकर (वार्निशसारखा वाळून कडक होणारा पारदर्शक थर), आणि माझा कल स्पष्टपणे मेणाकडे आहे.

संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून काढलेल्या, बारीक स्फटिकांच्या मेणाचा) पातळ हात देतात, तेच दागिन्यालाही चालतं. मिळालं नाही तर मधमाश्यांचं मेणही चालेल. दागिना पूर्ण कोरडा आणि किंचित कोमट असताना फडक्यानं अगदी थोडं लावा, काही मिनिटं थांबा, मग चमक येईपर्यंत पुसा. जास्त लावलं तर नक्षीत पांढरं साचतं. रोज घालण्याच्या दागिन्यावरचं मेण काही आठवड्यांत जातं, पण जातं तेव्हा सगळीकडून हळूहळू जातं. पुन्हा लावायला दोन मिनिटं लागतात.

लॅकरचं तसं नाही. तो जास्त टिकतो हे कबूल, पण जिथे घर्षण आहे तिथे आधी सुटतो. मग मधे चमकदार आणि सुटलेल्या जागी काळे चट्टे असा चितकबरा दागिना तयार होतो, आणि चट्टे घासायला जावं तर आजूबाजूचा लॅकर आणखी सोलवटतो. यातून एकच मार्ग: सगळा लॅकर ॲसिटोननं काढून टाका, सगळं नीट साफ करा आणि नव्यानं पूर्ण हात द्या. डागडुजी जमत नाही. ॲसिटोन वापरताना खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको, आणि दागिन्यावर मोती, प्लॅस्टिक, रेझिन किंवा चिकटवलेले खडे असतील तर तो वापरूच नका. पारदर्शक नेलपॉलिश हा लॅकरचाच गरीब भाऊ, लवकर पिवळट होतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. गळ्यात नुसतं लोंबणाऱ्या पदकाला लॅकर ठीक आहे. अंगठीला देणं म्हणजे काम वाया.

बोटावर हिरवी कडी

घामातलं मीठ आणि आम्ल, त्वचेवरचं तेल आणि तांबं यांच्यापासून निळसर-हिरवे क्षार बनतात आणि त्वचेवर राहतात. इतकंच आहे ते. साबणानं धुतल्यावर जातं. रेषांत अडकलं असेल तर आधी थोडं तेल चोळा, मग साबण लावा. पितळेत जस्त असलं तरी अर्ध्याहून जास्त तांबंच असतं, त्यामुळे पितळेनंही हिरवं होणारच. हिरवं होणं हे रक्त कमी असल्याचं किंवा अंगात काही बिघाड असल्याचं लक्षण मानतात, त्यात तथ्य नाही. कुणाला जास्त घाम येतो, कुणाचा जास्त खारट किंवा आम्लधर्मी असतो, एवढाच फरक. तीच अंगठी त्याच माणसाला उकाड्यात हिरवं करते आणि थंडीत करत नाही.

कमी करायचं असेल तर अंगठीखाली पाणी साचू देऊ नका. हात धुताना, भांडी घासताना, पोहताना काढून ठेवा. सॅनिटायझर, सनस्क्रीन, अत्तर आधी, ते पूर्ण वाळू द्या, मग दागिना. घट्ट अंगठीपेक्षा किंचित सैल अंगठी कमी त्रास देते, आत हवा खेळते. रोज रात्री काढून आतली बाजू पुसणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गुणकारी उपाय. तरीही सोसत नसेल तर आतून चांदीचं किंवा स्टीलचं अस्तर असलेली अंगठी करून घ्या.

हातांना येणारा "धातूचा वास" हाही खरा धातूचा नसतो. तांबं साध्या तापमानाला वाफ होऊन नाकात जात नाही. त्वचेवरच्या तेलाचं धातूच्या संपर्कात विघटन होऊन जी संयुगं बनतात, त्यांचा तो वास. दागिना आणि त्वचा दोन्ही साबणानं धुतलं की तो जातो, नुसतं पुसून जात नाही.

खाज सुटत असेल तर घासत बसू नका

हिरवा डाग आणि ॲलर्जी यांची गल्लत करू नका. त्वचा लाल होणं, खाज, बारीक फोड, आणि दागिना काढून धुतल्यावरही दिवसभर टिकणारी जळजळ असेल तर दागिना घालणं थांबवा. तांब्याची ॲलर्जी क्वचित आढळते. संशयित बहुतेक वेळा निकेल असतो. पितळेवर सोन्या-चांदीचा मुलामा देताना खाली निकेलचा थर देण्याची पद्धत आहे, आणि जर्मन सिल्व्हर म्हणून जे विकलं जातं त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं. युरोपीय संघात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या जागेत घालण्याच्या भागासाठी मर्यादा ०.२ आहे. एवढ्याशा प्रमाणानंही त्रास होतो म्हणूनच हा नियम. निकेल सुटतंय का हे बघायच्या चाचणी-बाटल्या मिळतात: कापसाच्या काडीवर द्रावण घेऊन घासलं आणि काडी गुलाबी झाली की उत्तर मिळालं. त्वचेची खात्री मात्र त्वचारोगतज्ज्ञाच्या पॅच टेस्टनंच (संशयित पदार्थ पट्टीनं त्वचेवर लावून बघण्याच्या चाचणीनंच) होते.

कानातल्याच्या बाबतीत उपाय सोपा आहे. लोंबणारा भाग पितळी राहू द्या, हूक तेवढा टायटॅनियमचा किंवा नायोबियमचा बसवून घ्या. नुकत्याच टोचलेल्या कानात तांबं-पितळ घालूच नका. आणि लहान मुलं दागिने तोंडात घालतात, तेव्हा हे लक्षात असू द्या की यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून काही पितळेत शिसं मिसळतात, कधी तीन टक्क्यांच्या आसपास. बाळाच्या हातात पितळेचा दागिना नको.

ओघात आलंच आहे तर, सांधेदुखीसाठी तांब्याचं कडं: ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांच्या २००९ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्याचा प्लासिबोपलीकडे, म्हणजे गुण नसलेल्या खोट्या उपचारापलीकडे, उपयोग दिसला नाही. आवडतं म्हणून घाला, औषध म्हणून नको.

पितळ गुलाबी झालंय

पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. आम्लात जस्त तांब्याच्या आधी विरघळतं. दागिना तासन् तास आंबटात पडून राहिला की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि उरतं ते तांबूस, जरा सच्छिद्र तांबं. पुन्हा लिंबू लावलं तर आणखी गुलाबी होईल. इथे आम्ल बंद, धातूचं पॉलिश आणि मऊ फडकं सुरू. थर पातळ असतो, पॉलिशनं खालचं पिवळं पितळ वर येतं. मुलामा असलेल्या दागिन्याला हे लागू नाही.

ठेवायचं कसं

कोरडं, हवा काढून बंद केलेल्या झिपच्या पिशवीत, एका पिशवीत एक दागिना. सोबत सिलिका जेलची पुडी किंवा काळेपणा रोखणारी कागदी पट्टी. लोकरी कापड नको, त्यात गंधक असतं. ताज्या लाकडाच्या पेटीतून आम्लाची वाफ येते, तीही नको. बाथरूममधल्या कपाटाबद्दल तर बोलायलाच नको.

कडं मधोमध चिरलंय

उघड्या तोंडाचं कडं रोज फाकवून घालणं आणि दाबून बसवणं यानं तांबं दर वेळी थोडं कडक होत जातं, आणि शेवटी तोंडाच्या बरोबर समोरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, केसासारखी चीर दिसते. घालताना फाकवू नका: मनगटाच्या अरुंद कडेवरून एक टोक आधी सरकवा, मग कडं फिरवून बसवा. चीर दिसली तर पुन्हा वाकवून बघू नका, तुटेल. कारागिराकडे चांदीचा डाक (वितळवून सांधा भरणारा मिश्रधातू) देऊन ती भरता येते. आधी लॅकर असेल तर तो काढलेला असावा, नाहीतर आचेवर जळून काळं कोळशासारखं बसतं. तापवल्यावर कडं मऊ पडतं, म्हणून नंतर हलक्या हातोडीनं ठोकून पुन्हा ताठ करायला सांगा. डाकाची पांढरी रेघ तांब्यावर दिसते. ती खटकत असेल तर पूर्ण कड्याला गंधकाचा काळपट रंग देऊन घ्या.